उत्तर देणारा दुसराच होता

शनिवार, ११ ऑगस्ट २०१८, दुपारी २.५९

महिन्याचा दुसरा शनिवार. कोल्हापुरात बँकांना सुट्टी होती. आषाढ अमावास्या, दिव्यांची आवस. घरोघरी समया आणि निरांजने घासूनपुसून पाटावर मांडलेली. दुसऱ्या दिवशी श्रावण लागणार होता. एटीएम नेहमीसारखी चालू होती.

त्या दुपारी ३ ते रात्री १० या वेळेत पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेचे साडेऐंशी कोटी रुपये गेले. सोमवारी आणखी १३ कोटी ९२ लाख. एकूण ९४ कोटी ४२ लाख. त्यातले ८९ लाख ४७ हजार ५०० रुपये कोल्हापुरातल्या एटीएममधून निघाले.

शेवट ठाऊकच आहे. तो कुठे कुठे अडवता आला असता, हे पाहायला घड्याळ बरेच मागे न्यावे लागते. पहिली नोंद बँकेतली नाही. ती व्हिडिओ गेमच्या यंत्रातली आहे.

३३ वर्षे आधी

१९८५ साली निन्टेंडोने अमेरिकेत आपला कन्सोल विकायला काढला. यंत्रात एक चिप होती आणि प्रत्येक कॅसेटमध्ये तिची जोडीदार. एक कुलूप, दुसरी किल्ली. दोघींचे जुळले तरच खेळ सुरू होई, नाहीतर यंत्र पुन्हा पुन्हा बंद-चालू होत राही. कंपनीने मान्य केलेलाच प्रोग्रॅम चालेल, बाकी काही चालणार नाही, हा नियम मुलांच्या खेळण्यात तेव्हापासून आहे. पुढे या लेखात तो पुन्हा येईल.

२३ वर्षे ८ महिने आधी

३ डिसेंबर १९९४. जपानमध्ये सोनीचा प्लेस्टेशन विक्रीला आला. त्याच्या अस्सल सीडीवर, आतल्या कडेच्या मार्गाला मुद्दाम दिलेल्या हेलकाव्यात, चार अक्षरे लपवलेली असत. अमेरिकेसाठी एस-सी-ई-ए, युरोपसाठी एस-सी-ई-ई, जपानसाठी एस-सी-ई-आय. घरच्या सीडी रायटरला तो हेलकावा लिहिता येत नसे. सीडी आत गेली की यंत्र विचारी : अक्षरे आहेत का? नसतील तर खेळ नाही.

हे कुलूप फोडावे लागले नाही. लोकांनी यंत्र उघडून एक छोटी चिप आणि चार-सहा तारा डाखल्या. यंत्राने अक्षरे विचारली की ही चिप मधल्यामध्ये ती पुरवी. सीडी कोरी असो, नक्कल असो, स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमची असो. प्रश्न सीडीला, उत्तर चिपचे. यंत्राच्या दृष्टीने सगळे रीतसर.

चिप लावणाऱ्यांत बरेच जण चोरीचे खेळ खेळणारे होते. थोडे दुसरे होते. त्यांना त्या यंत्रावर आपण लिहिलेला प्रोग्रॅम चालवायचा होता. या घरगुती प्रोग्रॅमना होमब्रू म्हणतात. विकत घेतलेल्या यंत्राच्या आत काय चालते हे पाहण्याची ती ओढ मला आदराची वाटते. या घटनाक्रमातली सर्वांत स्पष्ट इशारेवजा नोंद याच मंडळींच्या नावावर आहे.

२ वर्षे ६ महिने आधी

फेब्रुवारी २०१६. बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून ८ कोटी १० लाख डॉलर गेले. बँका ज्या स्विफ्ट यंत्रणेवरून एकमेकींना पैशांचे आदेश पाठवतात, त्याच यंत्रणेतून. चोरांनी साप्ताहिक सुट्टी पाहून वेळ निवडली होती.

१ वर्ष १० महिने आधी

ऑक्टोबर २०१६. भारतात सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले. एटीएमची सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीच्या यंत्रणेत मालवेअर शिरले होते. बँकांनी कार्डे बदलून दिली, पिन बदलायला सांगितले.

कार्डावरच्या काळ्या चुंबकीय पट्टीची नक्कल करणे सोपे होते आणि सगळ्यांना माहीत होते. रिझर्व्ह बँकेने चिप नसलेली कार्डे बदलण्याचा आदेश २०१५ मध्येच दिला होता. मुदत ३१ डिसेंबर २०१८. कोल्हापुरातला तो शनिवार आला तेव्हा मुदतीला १४२ दिवस बाकी होते.

६ महिने आधी

फेब्रुवारी २०१८. तमिळनाडूत कुंभकोणमच्या सिटी युनियन बँकेतून स्विफ्टवर तीन खोटे आदेश गेले. रक्कम सुमारे २० लाख डॉलर. म्हणजे ही वाट आता भारतातही वापरून झाली होती.

११० दिवस आधी

२३ एप्रिल २०१८. निन्टेंडोच्या नव्या कन्सोलचे नाव स्विच. मार्चअखेर त्याचे १ कोटी ७७ लाखांहून जास्त नग विकले गेले होते. त्या दिवशी केट टेम्किन या संशोधक आणि त्यांच्या साथीदारांनी त्या यंत्रातला दोष जाहीर केला. फेलओव्हरफ्लो या दुसऱ्या गटाने तोच दोष त्याच दिवशी मांडला.

दोष साधा होता. यंत्र दुरुस्तीच्या स्थितीत सुरू केले की ते यूएसबीवरून आलेल्या मागणीत लिहिलेली लांबी न तपासता खरी मानी. मागणाऱ्याने मोठा आकडा सांगितला की त्याचा मजकूर यंत्राच्या स्मृतीत जायला नको तिथे जाऊन बसे आणि यंत्र त्याचा प्रोग्रॅम चालवू लागे. त्या स्थितीत जाण्यासाठी बाजूच्या खाचेतल्या दोन पिना जोडाव्या लागत. कागदाला लावायच्या टाचणीच्या तारेनेही ते जमे. दोष कायमच्या कोरलेल्या स्मृतीत होता, त्यामुळे विकल्या गेलेल्या यंत्रांत सॉफ्टवेअरने दुरुस्ती शक्य नव्हती.

टेम्किन यांनी जाहीर करण्याआधी चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाला आणि निन्टेंडोला कळवले होते. मग कारण, कार्यपद्धती आणि मर्यादा लिहून काढल्या. ज्याला वाचायचे त्याने वाचावे.

बँकांमध्येही एक स्विच असतो. तो एटीएमचा. त्याच्यातली भोके शोधणारे लोक कोणालाही कळवत नव्हते.

स्विच काय करतो, एवढे इथेच सांगतो. कोल्हापुरातल्या एखाद्या एटीएममध्ये कॉसमॉसचे रुपे कार्ड घातले की प्रश्न राष्ट्रीय जाळ्यातून पुण्याला बँकेच्या स्विचकडे जातो. परदेशात व्हिसा कार्ड घातले तर व्हिसाच्या जाळ्यातून त्याच स्विचकडे. स्विच तो प्रश्न बँकेच्या मुख्य संगणकाला विचारतो : खाते आहे का, शिल्लक आहे का, आजची मर्यादा उरली आहे का? मुख्य संगणक हो किंवा नाही म्हणतो. ते उत्तर उलट्या वाटेने एटीएमपर्यंत येते. काही सेकंदांत. एटीएमला स्वतःला काहीच माहीत नसते. उत्तर हो आले की ते नोटा मोजते.

१८ दिवस आधी

२४ जुलै २०१८. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या नॅशनल बँक ऑफ ब्लॅक्सबर्गची हकीगत पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी छापली. एक छोटी बँक, दोन हल्ले, मिळून २४ लाख डॉलर. पहिला मे २०१६ मध्ये, लांबलेल्या सुट्टीत. दुसरा जानेवारी २०१७ मध्ये, शनिवारी सुरू होऊन सोमवारपर्यंत. चोरांनी आत शिरून कार्डांच्या मर्यादा काढून टाकल्या आणि शेकडो एटीएमवर माणसे उभी केली.

१ दिवस आधी

शुक्रवार, १० ऑगस्ट. अमेरिकेच्या एफबीआयने बँकांना एक गोपनीय सूचना पाठवली. येत्या काही दिवसांत जगभरच्या एटीएममधून एकाच वेळी पैसे काढण्याचा बेत आहे. कार्ड देणारी एखादी संस्था आधीच फोडली गेली असावी. असे हल्ले बहुतेक शनिवार-रविवारी होतात, शनिवारी बँका बंद होता होता.

सूचनेत उपायही होते. मोठी रक्कम काढण्याची मर्यादा वाढवायची तर दोन माणसांची मंजुरी लागावी. आणि महत्त्वाच्या संगणकांवर मान्य केलेलेच प्रोग्रॅम चालावेत, बाकीचे चालूच नयेत.

हा दुसरा उपाय म्हणजे १९८५ च्या कॅसेटमधली चिप.

शनिवार, दुपारी ३ वाजता

कोल्हापुरात दुपारचे तीन. दुबईत दीड, मॉस्कोत साडेबारा, लंडनमध्ये सकाळचे साडेदहा, न्यूयॉर्कमध्ये पहाटेचे साडेपाच. २८ देशांत माणसे एटीएमपाशी पोहोचली होती. त्यांच्याकडे कॉसमॉसच्या कार्डांच्या नकला होत्या.

पुण्यात बँकेच्या यंत्रणेत त्याआधीच एक दुसरा स्विच उभा राहिलेला होता. बँकेने नंतर त्याला प्रॉक्सी स्विच म्हटले. बाहेरून आलेला प्रश्न आता मुख्य संगणकापर्यंत जात नव्हता. मधला स्विच तो घेई आणि स्वतःच उत्तर देई : हो.

प्लेस्टेशनमध्ये डाखलेली चिप हेच करत होती. इथे चार अक्षरांच्या जागी पैसे होते.

दुपारी ३ नंतर, कोल्हापूर

९५ कार्डे. पोलिसांच्या तपासात पुढे आलेला हा आकडा. ही देशातली, रुपेची कार्डे. एका कार्डामागे सरासरी ९४ हजार रुपये निघाले. भारतभरात त्या दिवशी अशा कार्डांवर २,८४९ व्यवहार झाले आणि सुमारे अडीच कोटी रुपये गेले. म्हणजे एका व्यवहाराला सरासरी पावणेनऊ हजार. ती सरासरी धरली तर कोल्हापुरात हजारभर वेळा कार्ड आत गेले आणि नोटा बाहेर आल्या. देशभरातल्या रकमेतला एक तृतीयांशाहून मोठा वाटा या एका शहरातला.

प्रत्येक वेळी यंत्राने आपले काम चोख केले. पिन घेतला, प्रश्न पाठवला, उत्तराची वाट पाहिली, हो आल्यावर नोटा मोजल्या.

दुपारी, पुणे : मिनिट ०

गणेशखिंड रस्त्यावरच्या कॉसमॉस टॉवरमध्ये सुट्टीच्या दिवशी थोडेच लोक होते. व्हिसाकडून संदेश येऊ लागले. तुमच्या कार्डांवर जगभरातून मोठ्या रकमांच्या मागण्यांचा लोंढा येतो आहे.

कर्मचाऱ्यांनी जे कोणीही केले असते तेच केले. आपली यंत्रणा उघडून पाहिली.

पडद्यावर वावगे काहीच नव्हते. खाती जागच्या जागी. शिल्लक जशीच्या तशी. ना एकही मोठी रक्कम वजा, ना एखाद्या खात्यात शंभर व्यवहार.

मी या जागी पुन्हा पुन्हा थांबलो. व्हिसा म्हणते हजारो व्यवहार होत आहेत. मुख्य संगणक म्हणतो एकही नाही. दोघांपैकी एक चूक आहे, असे वाटणे स्वाभाविक होते. दोघेही खरे बोलत होते. मुख्य संगणकाला कोणी काही विचारलेच नव्हते, म्हणून त्याच्याकडे नोंद नव्हती. तो कोरा पडदा हाच त्या दिवसाचा सर्वांत मोठा इशारा होता. तो वाचला गेला निर्धोक असल्याची खूण म्हणून.

मिनिट ३०

सुमारे अर्ध्या तासाने, खबरदारी म्हणून, बँकेने व्हिसाला आपल्या सर्व कार्डांचे व्यवहार थांबवायला सांगितले.

परदेशात मिळून सुमारे १२,००० व्यवहार झाले, ७८ कोटींचे. पैसे काढण्याचा मुख्य भाग २ तास १३ मिनिटांत आटोपला, असे पुढे निघाले. म्हणजे १३३ मिनिटे. मिनिटाला ९० व्यवहार. एका व्यवहाराला ६५ हजार रुपये. सरळ सरासरी धरली तर अर्ध्या तासाची किंमत साडेसतरा कोटी होते. मिनिटाला ५८ लाख. त्या सात तासांत अख्ख्या कोल्हापुरातून जेवढे निघाले, तेवढे परदेशात दीड मिनिटांत जात होते.

संध्याकाळी ७ च्या सुमारास

कोल्हापुरात सूर्य मावळला. दिवे लागले. बँकेने पुढे पोलिसांत दिलेल्या फिर्यादीतली वेळ संपायला अजून तीन तास होते.

एटीएमपाशी गेलेल्या माणसांबद्दल तपासात बरेच बाहेर आले. ती संगणकतज्ज्ञ नव्हती. पकडलेल्यांत एक वेटर होता, एक ड्रायव्हर, एक चपला शिवणारा. एकाकडे फार्मसीची पदवी होती. महाराष्ट्रातल्या काहींना सिनेमात छोटे काम आहे, एटीएममधून पैसे काढायचा प्रसंग आहे, असे सांगून नेण्यात आले होते. एका टोळीचा म्होरक्या लॅपटॉपवर प्रत्येक व्यवहार होताना पाहत होता. कोणी नोटा लपवल्या की त्याला लगेच कळे, आणि त्या माणसाच्या कानाखाली बसे. ते सीसीटीव्हीत आले आहे.

बँकेच्या मुख्य संगणकाला जे दिसत नव्हते, ते त्या म्होरक्याला दिसत होते.

रात्री १०

फिर्यादीप्रमाणे पैसे काढण्याची अखेरची वेळ. १४,८४९ व्यवहार, ८० कोटी ५० लाख.

रविवार, १२ ऑगस्ट

श्रावणाचा पहिला दिवस. व्हिसाने व्यवहारांची पूर्ण यादी बँकेला दिली. त्याच दिवशी क्रेब्स यांनी एफबीआयची शुक्रवारची गोपनीय सूचना प्रसिद्ध केली. येत्या काही दिवसांत असा हल्ला होईल, हे जगाने वाचले तेव्हा तो होऊन गेला होता.

कार्डांची वाट बंद झाली होती. पण चोर स्विचपर्यंत पोहोचले ते बँकेच्या जाळ्यात शिरून, आणि जाळ्याला दुसरेही दार होते. फेब्रुवारीत कुंभकोणमला उघडलेले ते दार.

सोमवार, १३ ऑगस्ट, सकाळी ११.३०

पहिला श्रावणी सोमवार. बँक उघडली होती. स्विफ्टवरून हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेला तीन आदेश गेले. लाभार्थी एएलएम ट्रेडिंग लिमिटेड. रक्कम १३ कोटी ९२ लाख रुपये. तिथेही आदेश नमुन्याबरहुकूम होते आणि ते पाळले गेले.

शनिवारच्या पहिल्या व्यवहाराला साडेचव्वेचाळीस तास झाले होते.

मंगळवार, १४ ऑगस्ट

पुण्याच्या चतुःशृंगी पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदली गेली. बँकेचे अध्यक्ष मिलिंद काळे यांनी पत्रकारांना सांगितले की ठेवीदारांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही. ते खरे होते, आणि कारण वर आलेच आहे. खात्यांना कोणी विचारलेच नव्हते. पैसे बँकेचे गेले. १९०६ साली स्थापन झालेल्या त्या सहकारी बँकेची एटीएम आणि ऑनलाइन सेवा काही दिवस बंद राहिली.

त्यानंतर

सप्टेंबरमध्ये अटका सुरू झाल्या. एटीएममधले सीसीटीव्ही आणि त्या भागातल्या मोबाइल टॉवरच्या नोंदी जुळवून पोलिसांनी काही आठवड्यांत १८ जण पकडले. कोल्हापुरातली ९५ कार्डे आणि ८९ लाख ४७ हजार ५०० चा हिशेब याच तपासात लागला.

२ ऑक्टोबरला अमेरिकी यंत्रणांनी या पद्धतीवर जाहीर इशारा दिला. एटीएमच्या स्विचवर प्रोग्रॅम घुसवून पैसे काढण्याच्या या बेताला त्यांनी फास्टकॅश नाव दिले आणि त्यामागे उत्तर कोरियाचा गट असल्याचे सांगितले. अशा हल्ल्यांत वापरलेल्या बहुतेक खात्यांत शिल्लक शून्य किंवा नाममात्र असे. उत्तरच बनावट असल्यावर शिल्लक लागत नाही.

१९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट जारी केली. व्यापारी बँकांसाठी तशी चौकट जून २०१६ मध्येच निघाली होती. सहकारी बँकांना ती मिळायला सव्वादोन वर्षांहून जास्त काळ लागला आणि त्यातला हा शनिवार निघून गेला. हे मला अक्षम्य वाटते. पश्चिम महाराष्ट्रात दूध, ऊस आणि पगार ज्या बँकांतून फिरतो, त्यातल्या कितीतरी सहकारी आहेत.

३१ डिसेंबरला चुंबकीय पट्टीच्या कार्डांची मुदत संपली.

मार्च २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ मंडळाने उत्तर कोरियावरील अहवालात कॉसमॉसचा उल्लेख केला : १ कोटी ३५ लाख डॉलर, २८ देश, १४ हजारांवर व्यवहार.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवले. कार्डे जमवणारे, वाटणारे, एटीएमपर्यंत नेणारे, नोटा काढणारे. मधला स्विच ज्याने लिहिला, तो त्यांच्यात नव्हता. तो आजवर भारतातल्या कोणत्याही न्यायालयात उभा राहिलेला नाही.